अट की सोय?

सकाळचे साडेसात. आमच्या शहराच्या वेशीवरच्या मजूर अड्ड्यावर शंभरएक माणसं उभी असतात. कुणाच्या पिशवीतून थापी आणि ओळंबा डोकावतो, कुणाच्या हातात घमेलं असतं, बायकांच्या काखेत डब्याची पिशवी आणि मागे एखादं पोर. टेम्पो थांबला की त्याच्याभोवती घोळका होतो. ‘दोन बिगारी, एक मिस्त्री’ एवढंच बोलणं होतं, हजेरी ठरते आणि टेम्पो निघतो. दहा वाजेपर्यंत ज्यांना काम लागलं नाही, त्यांचा त्या दिवशी खाडा.

गेल्या हिवाळ्यात एका कार्यकर्त्याबरोबर मी तिथे चार-पाच सकाळी गेलो होतो. बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीचे अर्ज तो तिथेच कट्ट्यावर बसून भरून देत असे. दोन अर्ज माझ्या लक्षात राहिले. एक मुखेडकडच्या बाईंचा, बिगारी काम करणाऱ्या. दुसरा झारखंडातल्या पलामूच्या मिस्त्रीचा, प्लास्टरच्या कामात हात बसलेला, इथे येऊन सात वर्षं झालेली. दोघांचं घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं. नोंदणीसाठी वर्षभरात किमान नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. “रोज नवा मालक, दादा. कुणाकुणाची सही आणू?” बाई म्हणाल्या. मालकाची सही मिळत नसेल तर स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अधिकाऱ्याचाही दाखला चालतो, हे कार्यकर्त्याने दोघांना सांगितलं. बाई कार्यालयात तीन वेळा गेल्या, खिडकीशी वाद घातला, कुठल्या सोसायटीच्या कुठल्या इमारतीवर किती दिवस विटा वाहिल्या ते धडाधड सांगितलं आणि दाखला घेऊन आल्या. मिस्त्री एकदाच गेला. खिडकीतून त्याला जे सांगितलं गेलं ते त्याला कळलं नाही आणि त्याचं म्हणणं खिडकीला ऐकायचं नव्हतं. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अड्ड्यावर उभा राहिला.

कायदा एकच, कागद एकच, दोघांचे नव्वद दिवसही खरे. फरक होता तो भाषेचा, आणि भाषेतून येणाऱ्या धिटाईचा. बाहेरून आलेल्या माणसाला इथल्या नागरी आणि आर्थिक जीवनात उभं राहायला राज्य सरकारनं किती आणि कशी मदत करावी, हा प्रश्न मी तेव्हापासून या दोन अर्जांच्या अंगाने पाहतो.

महाराष्ट्रापुरता हा प्रश्न लहान नाही. २०११ च्या जनगणनेनुसार दुसऱ्या राज्यांतून आलेले सर्वाधिक लोक महाराष्ट्रात होते, सुमारे नव्वद लाख. भिवंडीचे यंत्रमाग, चाकणचे कारखाने, मुंबई-ठाण्याचे टॉवर, रत्नागिरीच्या हापूसच्या बागा राखणारे नेपाळी, कुठेही पाहा. त्यांतल्या भारतीय नागरिकांनी इथे यावं की येऊ नये, हा प्रश्न राज्यघटनेने आपल्या हाती ठेवलेला नाही. कलम १९ ने भारताच्या कुठल्याही भागात जाण्याचा, राहण्याचा आणि धंदा-व्यवसाय करण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. हरियाणाने खासगी क्षेत्रातल्या तीस हजार रुपयांपर्यंतच्या पगाराच्या ७५ टक्के नोकऱ्या स्थानिकांसाठी राखून ठेवणारा कायदा केला. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने तो नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला. कर्नाटकाने २०२४ मध्ये तशाच धर्तीचं विधेयक पुढे आणलं आणि काही दिवसांतच बाजूला ठेवलं. राज्याच्या हातात उरतं ते एवढंच: आलेला माणूस सावलीत राहील की उजेडात.

सावलीत राहिला तर काय होतं, ते आपण पाहिलं आहे. ८ मे २०२० च्या पहाटे तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या करमाडला, रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांच्या अंगावरून मालगाडी गेली. मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया भागातली ही माणसं जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला होती. टाळेबंदीत काम थांबलं, गावाकडे जायला गाडी मिळेना, म्हणून भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत निघाली होती. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचा तो फोटो महाराष्ट्र विसरला नसेल. त्या वर्षी सप्टेंबरात केंद्र सरकारने संसदेत सांगितलं, की टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले याची आकडेवारी नाही. जिवंतपणी ज्यांची नोंद नव्हती, त्यांच्या मरणाची तरी कुठून असणार?

हे सगळं मान्य करूनही, दुसऱ्या बाजूचं म्हणणं झटकून टाकणं मला पटत नाही. ‘भूमिपुत्र’ हा शब्द ऐकला की शहरी सुशिक्षित माणूस नाक मुरडतो. त्या शब्दामागची भीती पोटाची आहे. एमआयडीसीत ज्या शेतकऱ्याची जमीन गेली, त्याच्या पोराला कारखान्याच्या गेटवर ‘जागा नाही’ असं सांगून आतमध्ये ठेकेदाराने दुसऱ्या राज्यातून आणलेली माणसं राबवली जातात, हे त्या पोराने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के स्थानिक माणसं घ्यावीत, असं महाराष्ट्राचं धोरण जुनं आहे, पण कंत्राटी कामगार त्या हिशेबात कसे धरायचे हा वादही तितकाच जुना. शहरातली पाण्याची टाकी, लोकलचा डबा, इस्पितळातली खाट यांवरचा ताण खरा आहे. आणि आपल्याच गावात, आपल्याच बाजारात आपली भाषा मागे पडते आहे ही सलसुद्धा खरी आहे. मुंबई मिळवण्यासाठी १०६ हुतात्मे दिलेल्या राज्याला ती सल का बोचते, हे बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं. आपण आपल्यालाच ते नाकारायचं कारण नाही.

पण त्या गेटवरच्या पोराला नेमका कोण हरवतो, हे बघितलं पाहिजे. ठेकेदाराला बाहेरचा माणूस हवा असतो, कारण तो साइटवरच पत्र्याच्या खोलीत राहतो, बारा तास काम करतो, सणाला सुट्टी मागत नाही, आणि मजुरी बुडवली तर कुठे जायचं ते त्याला माहीत नसतं. स्थानिक पोरगं संध्याकाळी घरी जातं, चार लोकांना ओळखतं, कामगार आयुक्तांकडे जाऊ शकतं. म्हणजे बाहेरच्या माणसाची असहायता हीच स्थानिकाच्या विरोधातली स्पर्धा आहे. त्या मिस्त्रीला किमान वेतन मागता आलं, बुडालेली मजुरी वसूल करता आली, तर तो स्वस्त राहणार नाही. तो स्वस्त राहिला नाही, तर ठेकेदाराला स्थानिक माणूस टाळायचं कारण उरत नाही. भूमिपुत्रांची बाजू घेणाऱ्यांनी सर्वांत आधी मागायला हवी ती कामगार निरीक्षकांची भरती आणि परराज्यातून आलेल्यांची चोख नोंदणी. ही मागणी मोर्च्यात मला फारशी ऐकू येत नाही, याची खंत वाटते.

कायदा मात्र इथे पुढेही गेला आहे आणि मागेही. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा पाच किंवा अधिक असे कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता, आणि त्याची व्याख्या ठेकेदाराने आणलेल्यांपुरती होती. तो आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. तिथे स्वतःहून आलेला कामगारही व्याख्येत आला, हे चांगलं झालं. पण आकडा पाचावरून दहावर गेला. सहा-सात माणसं घेऊन बंगला बांधणारा ठेकेदार त्यामुळे सुटला, आणि आमच्या अड्ड्यावरून टेम्पो नेणारे बहुतेक ठेकेदार त्याच मापाचे असतात. ही फट राज्य सरकारनं स्वतःच्या कल्याण मंडळांमार्फत बुजवायला हवी.

पैशाचा आक्षेप उरतो. दुसऱ्या राज्याच्या माणसावर महाराष्ट्राच्या करदात्याने का खर्च करावा? प्रश्न रास्त आहे, उत्तरही साधं आहे. वस्तू व सेवा कर जिथे माल खपतो त्या राज्याला मिळतो. मिस्त्री साबण, चपला, मोबाइलचा रिचार्ज इथे घेतो, त्यातला राज्याचा वाटा महाराष्ट्राच्या तिजोरीत पडतो. बांधकामावरचा एक टक्का उपकर तर त्याच्याच घामाच्या इमारतींवर गोळा होतो, आणि त्या निधीतून त्याला काही मिळावं म्हणून तो नव्वद दिवसांचा दाखला शोधत हिंडतो. शिधापत्रिकेच्या बाबतीत हे कोडं बऱ्याच अंशी सुटलंही आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण अशा दोन जोड्यांनी सुरू झालेली ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजना २०२२ च्या मध्यापर्यंत देशभर पोहोचली. घरच्यांनी गावी आपला वाटा उचलायचा, कमावत्याने इथे आपला, अशी सोय तीत आहे. कुणाचं नाव कुठेही न कापता हक्क माणसाबरोबर प्रवास करू शकतो, हे तिने दाखवून दिलं.

या वाटेवर सर्वांत पुढे गेलेलं राज्य केरळ. २०१० मध्ये परराज्यातल्या कामगारांसाठी त्याने कल्याण योजना आणली, २०१७ मध्ये ‘आवाज’ आरोग्य विमा सुरू केला, पालक्काड जिल्ह्यातल्या कंजिकोडला ‘अपना घर’ हे कामगारांचं वसतिगृह बांधलं. एर्नाकुलम जिल्ह्यातल्या ‘रोशनी’ प्रकल्पात मजुरांच्या मुलांना त्यांच्या भाषेतून मल्याळमकडे नेणाऱ्या बाया शाळेत बसवल्या. पेरुम्बावूरच्या प्लायवूड कारखान्यांत बंगाली, ओडिया, आसामी माणसं काम करतात. तिथेच राज्याच्या साक्षरता मंडळाने ‘चंगाती’ नावाचा उपक्रम सुरू केला. चंगाती म्हणजे मित्र. त्यात मोठ्या माणसांना मल्याळम लिहा-वाचायला शिकवलं जातं आणि त्यासाठी वेगळं पाठ्यपुस्तकही काढलं.

केरळची आरती ओवाळण्याचा माझा हेतू नाही. २०१३ च्या एका अभ्यासाने तिथल्या परप्रांतीय कामगारांची संख्या पंचवीस लाखांच्या घरात धरली होती. विम्याची आणि वसतिगृहाची मजल त्या मानाने फार तोकडी आहे. तिथल्या सरकारने ‘परप्रांतीय’ऐवजी ‘अतिथी कामगार’ हा शब्द रूढ केला. शब्द गोड आहे, पण पाहुण्याने परत जायचं असतं, त्याला घराच्या कारभारात बोलायचा अधिकार नसतो. आणि २०२३ मध्ये आलुव्याला एका चिमुरडीच्या खुनात परप्रांतीय मजूर पकडला गेला, तेव्हा त्याच राज्यात सगळ्या कामगारांच्या नोंदणीची मागणी उसळली आणि लगोलग नवं नोंदणी पोर्टल आलं. नोंदणीचा कागद तोच राहतो, मात्र तो विमा देण्यासाठी आहे की पाळत ठेवण्यासाठी, हे एका घटनेने बदलू शकतं. महाराष्ट्राने हे ध्यानात ठेवूनच नोंदणीचं काम कामगार खात्याकडे द्यावं, पोलीस ठाण्याकडे देऊ नये.

आपल्याकडे अनुभव नाही असंही नाही. राज्याच्या आतलं स्थलांतर आपण पिढ्यान् पिढ्या पाहतो आहोत. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, मुकादमाकडून घेतलेली उचल, फडाच्या कडेची कोपी, पहाटेची मोळी. बीडची बाई कोल्हापूरच्या फडात मराठीच बोलते, तरी तिच्या पोराची शाळा सुटतेच. त्यासाठी साखरशाळा निघाल्या, मग गावातच राहून शिकण्यासाठी हंगामी वसतिगृहं आली, दुसऱ्या शाळेत दाखला न मागता बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक आलं, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ आलं, टनामागे रक्कम कापून त्याला निधी द्यायचं ठरलं. यातलं काही चाललं, काही रेंगाळलं. पण दोन गोष्टी शिकायला मिळाल्या. एक, माणूस हलतो त्या वेळापत्रकाप्रमाणे सरकार हललं नाही तर योजना कागदावर राहते. दुसरी, घरच्याच माणसाला सामावून घेताना जिथे अडतं, तिथेच बाहेरच्याचंही अडतं. मुखेडच्या बाई आणि पलामूचा मिस्त्री एकाच दाखल्यापाशी थांबले, ते म्हणूनच. परप्रांतीयांसाठी काही केलं म्हणजे आपल्या माणसांच्या ताटातलं काढून दिलं, हे गणित या बाबतीत तरी चुकतं. तो दाखला सोपा झाला असता तर पहिला फायदा मुखेडला झाला असता.

आता भाषेबद्दल, कारण माझ्या मते गाठ तिथेच आहे. गेल्या काही वर्षांत मराठी येत नाही म्हणून दुकानदाराला, रिक्षावाल्याला, सुरक्षारक्षकाला जाब विचारल्याचे व्हिडिओ आपण पाहिले. मारहाणीचं समर्थन कुठल्याही कारणाने होऊ शकत नाही. पण ‘इथे राहायचं तर मराठी शिका’ ही अपेक्षा मला पूर्णपणे योग्य वाटते. ती मी माझ्या शेजाऱ्याकडूनही करतो. शाळांमध्ये मराठी सक्तीची करणारा कायदा राज्याने २०२० मध्ये केला, दुकानांच्या पाट्या मराठीत झाल्या. लहान मुलाला शाळा मिळाली की ते भाषा शिकतंच. रत्नागिरीजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी बागराख्या नेपाळी माणसाची मुलगी तिसरीच्या पुस्तकातला धडा घडाघडा वाचताना ऐकली आहे, ‘ळ’ आणि ‘ण’ अगदी कोकणी मुलासारखे. तिचे वडील बाहेर झाडाखाली उभे होते. मी त्यांना मराठीत विचारलं तेव्हा ते हसले आणि मुलीकडे बघितलं. उत्तर तिने दिलं.

त्या वडिलांना मराठी कुठे शिकायची? हा प्रश्न आपण विचारतच नाही. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर अमराठी प्रौढांसाठी ‘माय मराठी’ हा अभ्यासक्रम तयार केला आहे. परकी भाषा शिकवण्याच्या आधुनिक पद्धतीने, रोजच्या संवादातून मराठी शिकवणारी ही पुस्तकं आहेत. म्हणजे साधन घरात आहे. पण मजूर अड्डा, यंत्रमागाची गल्ली, रिक्षाचा स्टँड, आंब्याची बाग इथपर्यंत ते संध्याकाळच्या मोफत वर्गाच्या रूपात गेलेलं मला दिसलं नाही. आपण मराठीची अट घालतो, सोय करत नाही.

याउलट जर्मनी बघा, कारण तिच्याशी आता आपला थेट संबंध आहे. १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून जर्मनीने मजूर आणले, त्यांना ‘पाहुणे कामगार’ म्हटलं, आणि ते परत जातील असं धरून भाषा शिकवली नाही. ते राहिले, त्यांची मुलं वाढली, आणि दोन पिढ्यांचं नुकसान झाल्यावर २००५ च्या कायद्याने राष्ट्रीय पातळीवर एकात्मता वर्ग आले, सहाशे तास जर्मन भाषेचे. २०११ मध्ये बाडेन-व्युर्टेंबर्ग या घटक राज्याने त्यासाठी स्वतंत्र मंत्रालय काढलं आणि २०१५ मध्ये स्वतःचा एकात्मता कायदा केला. याच राज्याशी महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये करार केला, आपल्या प्रशिक्षित तरुणांना तिथे नोकरीला पाठवण्याचा. आपली पोरं श्टुटगार्टला जाताना त्यांना जर्मन शिकवायची जबाबदारी सरकारची आहे हे आपण सहज मानतो, आणि ते बरोबरच आहे. मग पलामूहून आलेल्या मिस्त्रीला मराठी शिकवायची जबाबदारी कुणाची?

याला एक आक्षेप मला माहीत आहे: बारा तास राबून आलेला माणूस वर्गाला बसणार नाही. बरेच बसणार नाहीत. म्हणून सक्ती नको आणि सहाशे तासही नकोत. साठ-सत्तर तासांत हजेरीपत्रक वाचता येतं, पगाराची पावती कळते, दवाखान्यात दुखणं सांगता येतं, सरकारी खिडकीवर उभं राहून ‘माझे नव्वद दिवस भरले आहेत’ म्हणता येतं. वर्ग पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र कल्याण मंडळाच्या नोंदणीत, रिक्षाच्या बॅजच्या परीक्षेत, घरकुलाच्या रांगेत उपयोगी पडेल असं केलं, तर माणसं येतील. माणूस पोटाच्या आशेने भाषा शिकतो. दंडुक्याच्या भीतीने चार वाक्यं पाठ करतो. अधिवास दाखल्यासाठी लागणारी पंधरा वर्षांची अट मी शिथिल करा म्हणत नाही. नोकऱ्यांतलं आरक्षण, शिक्षणातल्या जागा यांसाठी ती राहू दे. पण मजुरी, उपचार, शाळा आणि भाषेचा वर्ग यांना पंधरा वर्षं थांबता येत नाही.

मतदानाबद्दल थोडक्यात. दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना निवडणूक आयोगाने २०२३ च्या सुरुवातीला पक्षांना दाखवण्याचं ठरवलं, पक्षांनी हरकती घेतल्या आणि ते तिथेच राहिलं. २०२५ मध्ये बिहारच्या मतदार यादीच्या सखोल फेरतपासणीत प्रारूप यादीतून ६५ लाख नावं गेली, त्यांत कायमचे बाहेर गेलेले म्हणून वगळलेलेही मोठ्या संख्येने होते. तिथलं नाव गेलं आणि इथलं लागलं नाही, असा माणूस कुणाचाच मतदार नसतो, म्हणून त्याच्या वस्तीत नळ येत नाही. हा विषय राज्याच्या अखत्यारीत फारसा नाही. भाडेकराराची नोंद स्वस्त आणि सोपी करणं मात्र राज्याच्या हातात आहे, आणि पत्त्याचा पुरावा तिथूनच सुरू होतो.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. भूमिपुत्रांचा आग्रह आणि नवागतांचा हक्क यांत एकाची निवड करायची गरज नाही. मराठीचा आग्रह सोडू नये, तो सरकारनं स्वतःच्या खर्चाने पुरा करावा. पुढच्या अर्थसंकल्पात मराठी भाषा विभाग आणि कामगार विभाग यांनी मिळून एक तरतूद मागावी: मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर इथल्या मोठ्या अड्ड्यांजवळ प्रौढांसाठी मराठीचा संध्याकाळचा वर्ग, आणि त्याच खोलीत नव्वद दिवसांचा दाखला देणारा एक माणूस. त्या वर्गात झारखंडचा मिस्त्री बसेल, नेपाळचा राखणदार बसेल, आणि सही करायला शिकायची असलेली मुखेडची एखादी बाईसुद्धा बसेल. पुस्तकं तयार आहेत. मराठी घेऊन एम.ए., बी.एड. झालेली आणि कामाच्या शोधात असलेली मुलं-मुली गावोगावी आहेत. जागेचाही प्रश्न नाही. महापालिकांच्या शाळांचे वर्ग संध्याकाळी सहानंतर रिकामे असतात.